पायाखालचा पट्टा

फिटरला राग यायला कारण लागत नाही असं लोक म्हणायचे, ते साफ खोटं. कारण लागायचंच. फक्त ते त्याला इतरांपेक्षा लवकर दिसायचं. चहा गार झाला, बायको उलटून बोलली, असल्या गोष्टींवर त्यानं कधी आवाज चढवला नाही. पण धडधाकट वस्तू कुणी फेकून दिली, किंवा काम अर्धवट ठेवून कुणी दात काढत उभा राहिला, की संपलं. तळपायाची आग मस्तकात. मग समोर साहेब असो की सोयरा, तो कुणाचं ऐकायचा नाही.

आणि राग यावा अशीच नोकरी त्याच्या वाट्याला आली होती. अठ्ठावीस वर्षं दगडाच्या खाणीत डंपरची चाकं बदलायची. डंपरचा टायर ज्यानं जवळून पाहिला नाही त्याला सांगून समजायचं नाही. उभा केला की फिटरच्या कपाळाला लागायचा, आणि फिटर काही बुटका नव्हे. चार जणांनी हलवायला जावं तर चार जणच हलायचे, टायर जागच्या जागी. असलं हे धूड दगडांवर घासून घासून गुळगुळीत झालं, की साहेबांचा हुकूम यायचा, “काढा, टाका मागं.” मागं म्हणजे खाणीच्या पाठीमागच्या खड्ड्यात. बाजूच्या भिंती शाबूत, आतलं अंग शाबूत, नुसता तळ झिजला म्हणून टाका! “साहेब, बुटाचा तळ गेला म्हणून आपण पाय कापतो का?” असं त्यानं एकदा भर कचेरीत विचारलं होतं. साहेब पोट धरून हसले. फिटर हसवायला बोललाच नव्हता.

एका उन्हाळ्यात त्या ढिगाला आग लागली. लागली म्हणे! आपोआप लागायला तो काय गवताचा भारा होता? चार दिवस काळा धूर. दोरीवरचे कपडे काळे, भांडी काळी, शेजारच्या पोरांनी नाक शिंकरलं तर तेही काळं. साहेबांनी हात झटकले. फिटर मात्र ते चार दिवस जेवताना ताटाकडे न बघता खिडकीतून धुराकडे बघत बसायचा, आणि बायको म्हणायची, “अहो, त्या टायरांचं जाऊ द्या, आमटी निवतेय.”

नोकरी संपली त्या दिवशी साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ, भिंतीवरचं घड्याळ चालेल का? फिटर म्हणाला, “घड्याळ घरी आहे. मागचा ढीग द्या.” साहेबांना वाटलं चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी हा पठ्ठ्या जावयाचा ट्रॅक्टर घेऊन फाटकात हजर.

तेव्हापासून नऊ वर्षं त्याचं हेच चाललं होतं. घरामागच्या मोकळ्या जागेत टायर आणायचे, कापायचे, आणि गोठ्याला, शेताला लागेल असं काहीतरी करायचं. मोठ्या टायरची एक बाजू गोल कापून काढायची, खालचं भोक सिमेंटनं बुजवायचं, की झाला पाण्याचा हौद नाहीतर चाऱ्याची गव्हाण. उन्हानं तडकत नाही, बैलानं शिंग घासलं तरी फुटत नाही, मस्तीत आलेल्या वासरानं लाथ मारली तर वासराचाच पाय दुखतो. डोझरच्या झिजलेल्या लोखंडी पट्ट्या एकाला एक जोडून त्यानं ढेकळं फोडायचं ओढणं केलं होतं. ओढ्याकाठची माती ढासळायची तिथं टायर गाडून, मातीनं भरून बांध घातला होता. आधी लोक नाकं मुरडायचे, म्हातारा कचरा गोळा करतोय म्हणायचे. मग तेच लोक, “काका, एक हौद आम्हालाही बघा ना,” करत दारात. फिटर त्यांना नाही म्हणायचा नाही. पण कोण काय बोललं होतं ते त्याच्या लक्षात असायचं, आणि तो ते हौद ट्रॉलीत चढवता चढवता शब्दन् शब्द बोलून दाखवायचा.

कापायला त्यानं विजेचं यंत्र कधी लावलं नाही. रबर करपतं, कड फाटते. त्याचा होता एक वाकडा सुरा आणि बादलीभर साबणाचं पाणी. सुरा बुडवायचा, एका दमात ओढायचा, परत बुडवायचा. साबणाच्या पाण्यानं रबर सुऱ्याला धरून ठेवत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दोन सुरे मोडल्यावर आणि एक अंगठा कापून घेतल्यावर ते त्याचं त्यालाच समजलं.

आणि एक नियम होता. तो मोडणाऱ्याची त्याच्याकडे खैर नव्हती. टायर दोन जातीचे असतात. एकाच्या अंगात नायलॉनचा दोरा, दुसऱ्याच्या अंगात पोलादी तार. तारेचा टायर कापला की कडेला केसाएवढी टोकं बाहेर येतात. डोळ्यांना दिसतही नाहीत. आता गाय काही घास चावून चावून गिळणारी नव्हे. ती आधी पोटात भरते, मग निवांत बसून रवंथ करते. चाऱ्याबरोबर तार गेली की ती पुढच्या कप्प्यात अडकते, आणि तिथून काळीज चार बोटांवर. म्हणून चाऱ्याची गव्हाण नायलॉनच्या टायरचीच. तारेच्या टायरचा पाण्याचा हौद होईल, बांध होईल, गव्हाण होणार नाही. तरीही प्रत्येक गव्हाणीच्या कडेवरून तो जुन्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक फिरवायचा, एकदा नव्हे, तीनदा. मग तापल्या सळईनं गव्हाणीवर पानाची खूण, हौदावर थेंबाची. वाचता न येणाऱ्यालाही समजावं. एकानं तारेचा टायर आणून “यातच गव्हाण करा हो, कोण बघतंय” म्हटलं, तर फिटरनं त्याला टायरसकट फाटकाबाहेर घालवलं. “गाय बघत नाही, म्हणून मी बघतो!” हे तो रस्त्यापर्यंत ओरडत गेला होता. “फिटरच्या हातचं आहे, डोळे झाकून घ्या,” असं लोक उगाच नव्हते म्हणत.

रबरी पट्टा त्याच्याकडे उशिरा आला. खाणीत नव्या लहान मशिनी आल्या, त्या चाकांवर नाही, रबराच्या रुंद पट्ट्यांवर चालायच्या. ते पट्टे झिजले की पुन्हा तेच, काढा, टाका मागं. फिटरनं पहिला पट्टा उलगडून बघितला आणि त्याला लेकीचा गोठा आठवला. लेकीच्या सासरी अकरा गायी. फरशी गुळगुळीत, शेणमुतानं निसरडी, गायी घसरायच्या. त्यानं पट्टे सरळ करून, तुकडे पाडून गोठाभर अंथरले, अगदी गव्हाणीच्या पायथ्यापर्यंत. गायी घसरायच्या थांबल्या. उठताना गुडघे सोलायचे थांबले. विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, कुणाचं चांगलं म्हणणाऱ्यातल्या नव्हेत, पण त्यांनीसुद्धा एकदा अनवाणी चालून बघितलं आणि म्हणाल्या, “व्याही, ह्यावर मीच झोपावं म्हणते.” अडीच वर्षांत आणखी चौदा गोठ्यांत त्याचे पट्टे अंथरले गेले.

तर त्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. फिटर टायरच्या आत उभा राहून सुरा ओढत होता आणि लेकीचा फोन आला. आवाज रडून बसलेला.

“बाबा, टिकली गेली.”

टिकली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाय. गोठ्यातली पहिली, विहीणबाईंनी हातानं वाढवलेली.

“गेली? कशानं गेली?”

“डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून बघितलं. तार निघाली. काळजात.” मग लेक म्हणाली, “आईंनी सगळ्या गव्हाणी बाहेर फेकल्यात. म्हणतायत, तुमच्या टायरनं गाय खाल्ली. तुम्ही येऊच नका आत्ता.”

येऊ नका! फिटरनं सुरा बादलीत फेकला, चुंबक खिशात कोंबलं आणि हात न धुता ट्रॅक्टरवर बसला. बायको दारात आली, “निदान शर्ट तरी बदला,” म्हणाली. “माझं नाव मातीत घालायला निघालेत ते, आणि मी शर्ट बदलू?” असं म्हणून तो गेलासुद्धा. वाटभर त्याची बडबड चालू होती. तार? माझ्या गव्हाणीत तार? नऊ वर्षांत एक गव्हाण दाखवा म्हणावं!

लेकीच्या घरासमोर रस्त्यावर पाच गव्हाणी उलट्यासुलट्या पडल्या होत्या. एक पार गटारात गेली होती. विहीणबाई गोठ्याच्या दारात कमरेला पदर खोचून उभ्या. डोळे लाल. जावई सकाळीच दूध घालायला गेलेला, परतला नव्हता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई नळावर हात धूत होत्या.

“आलात?” विहीणबाई म्हणाल्या. “या. बघा डोळे भरून. लेक दिलीत ती सोन्यासारखी दिलीत, मी कुणाजवळ खोटं बोलायची नाही. पण तिच्या मागोमाग हे काळं मरण कशाला पाठवलंत माझ्या घरी?”

“विहीणबाई, तोंड सांभाळून बोला.”

“का सांभाळू? पाच दिवस उभी होती माझी टिकली! पाठ वर काढून, कोपरं फाकवून. बसता येईना तिला. कण्हायची नुसती. आणि मी तिला ओवा भरवत होते, अपचन झालं असेल म्हणून!”

डॉक्टरीणबाईंनी एक काचेची बाटली पुढं केली. तळाशी बोटाच्या पेराएवढी तार. बारीक, काळपट, एका टोकाला तासल्यासारखी टोकदार. “काका, ही टायरच्याच जातीची आहे. खिळा नाही, कुंपणाची नाही.”

फिटरचं पित्त खवळलं. त्यानं बाटली बघितली न बघितली आणि खिशातून चुंबक काढलं. “चला! सगळ्यांसमोर! या इकडं सगळे.” शेजारपाजारचे चार लोक जमलेच होते, त्यांनाही त्यानं हात धरून पुढं ओढलं. पहिली गव्हाण सरळ केली, कडेवरून चुंबक फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. काही नाही. आतून फिरवलं, तळाला फिरवलं. काही नाही. दुसरी. तिसरी. गटारातली बाहेर ओढली, पाण्यानं धुतली, तीही साफ. पाचवीच्या वेळी तो मुद्दाम हळू गेला, विहीणबाईंच्या नाकासमोरून.

“बघितलंत? एक कण नाही! पानाची खूण बघा, नायलॉन बघा. माझ्यावर खापर फोडायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतंत! व्याही म्हणून नको, निदान कारागीर म्हणून!”

“मग तार काय आकाशातून पडली?”

“ते मला काय विचारता? तुमच्या घरात काय काय सांडतं ते मी बघायला येतो का? चारा कापायच्या कुट्टीच्या मशिनीचं असेल, जुन्या पोत्यांचं असेल, शेजाऱ्यांचं असेल!” शेजारी म्हणाले, आमचा काय संबंध? फिटर त्यांच्यावरही उखडला. तोंड सुटलं ते सुटलंच. ज्यांनी कधी त्याला कचरेवाला म्हटलं होतं, ज्यांनी हौद नेऊन साधं बरं आहे असंही सांगितलं नव्हतं, त्या सगळ्यांचा हिशेब त्यानं त्या रस्त्यावर चुकता केला.

डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. “काका, भांडण नंतर करा. आत भुरी उभी आहे, सात महिन्यांची गाभण. तीही कालपासून पाठ काढून उभी आहे. मी तिला गिळायचं चुंबक दिलंय, पोटात गेलेली तार त्याला चिकटून राहिली तर राहिली. पण ती अजून कुठून तरी खात असेल, तर मी काही करू शकत नाही. तार येतेय कुठून ते आधी सांगा.”

हे ऐकून विहीणबाई दारातून बाजूला झाल्या. फिटर आत गेला. भुरी भिंतीला लागून उभी होती, मान लांब केलेली, पाय आखडून. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती दबक्या आवाजात कण्हली. राग होता तो होताच, पण त्यानं हात अलगद काढून घेतला.

इकडं बाकीच्या गायी भुकेनं हंबरत होत्या. गव्हाणी बाहेर, मग चारा घालणार कशात? लेकीनं बिचारीनं घमेलं भरून कुट्टी आणली आणि गायींच्या पुढ्यात खालीच ओतली. गायींनी माना खाली घातल्या आणि जिभेनं कुट्टी गोळा करायला लागल्या.

“अगं, खाली काय ओततेस!” फिटर ओरडला. “शेणात? माझ्या गव्हाणी तिकडं लख्ख पडल्यात आणि तू या गायींना...” तो वाकला, एका गायीचं तोंड हातानं बाजूला सारलं आणि कुट्टी गोळा करायला लागला. चुंबक हातातच होतं. ते पट्ट्याला लागलं आणि टक् असा आवाज झाला.

त्यानं चुंबक उचललं. त्याला तीन तारा चिकटल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या.

त्यानं पुन्हा फिरवलं. आणखी सहा. गव्हाणीच्या पायथ्याशी, जिथं गायी रोज पुढचे पाय आपटत उभ्या राहतात, तिथं पट्ट्याची कड घासून घासून दोऱ्यासारखी उसवली होती आणि आतल्या तारा तुटून तुकडे तुकडे होऊन रबरावर पडल्या होत्या. गव्हाणीतून सांडणारी कुट्टी रोज त्यावरच पडायची. गायी रोज ती चाटून घ्यायच्या. त्यानं बोटानं कड चेपली. एक तार करंगळीत घुसली.

मशिनीच्या पट्ट्यात तार असते हे फिटरला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! तुकडे पाडताना त्याचाच सुरा त्या तारांवर अडला होता, म्हणून तर त्यानं करवत आणली होती. टोकं घासून सिमेंटमध्ये दाबली होती, आणि काम झालं म्हणून हात झाडले होते. पण चुंबक? चुंबक त्यानं पट्ट्यावरून एकदाही फिरवलं नव्हतं. त्याच्या डोक्यात साधा हिशेब होता, टायर तोंडासमोरचा, पट्टा पायाखालचा. तोंडासमोरच्याला तीनदा तपासायचं. पायाखालचं कोण खातंय? आता एवढ्या वर्षांच्या कारागिराला हे सुचू नये, की गाय जिथं उभी राहते तिथंच तोंड घालते! कुणा शिकाऊ माणसानं केलं असतं तर फिटरनं त्याला चार दिवस झोपू दिलं नसतं.

तो तसाच उकिडवा बसला होता. लेक म्हणाली, “बाबा?” तिनं चुंबक बघितलं आणि तिच्याही लक्षात आलं.

फिटर उठून दारात गेला. जमलेले लोक अजून होते. मगाशी ज्यांना त्यानं हात धरून पुढं ओढलं होतं, तेच. त्यानं चुंबक वर धरलं. “पट्ट्याची तार आहे,” तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं पुन्हा म्हणाला, “गव्हाणीची नाही. पट्ट्याची. मी अंथरलेल्या. टिकली माझ्यामुळं मेली. विहीणबाई, चूक माझी आहे. शेजाऱ्यांची नाही, पोत्याची नाही, माझी.”

विहीणबाई दोन पावलं पुढं आल्या. सकाळपासून जमवून ठेवलेलं सगळं घशाशी आलं असणार, पण समोरचा माणूस भांडायलाच तयार नाही म्हटल्यावर ते जाणार कुठं? शेवटी त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर मटकन बसल्या आणि रडत रडत म्हणाल्या, “आता मी ओरडू कुणावर हो?”

“माझ्यावरच ओरडा,” फिटर म्हणाला. “मीही माझ्यावरच ओरडतोय.”

मग त्यानं पहार मागितली. गव्हाणीकडचा पट्टा सिमेंटमधून उचकटायला त्याला दोन तास लागले. जावई आला होता तोवर, त्यानंही हात लावला, पण फिटर त्याला पुढं होऊ देईना. लेकीनं फरशी तीनदा धुतली, डॉक्टरीणबाईंनी स्वतः चुंबक फिरवलं, साफ झाल्यावरच गायी आत घेतल्या. पाचही गव्हाणी विहीणबाईंनी आपल्या हातानं रस्त्यावरून आणून जागेवर ठेवल्या.

दुपार टळायला आली तेव्हा लेकीनं पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, “बाबा, आता घरी जा. जेवा तरी.”

“घरी?” फिटर भडकला. “अजून चौदा गोठे आहेत! चौदा गोठ्यांत मी हेच पसरून ठेवलंय!”

“फोन करा ना त्यांना.”

“फोनवर कोण ऐकतं? हो हो म्हणतात आणि ठेवून देतात.”

तो ट्रॅक्टर सुरू करायला गेला, तर विहीणबाई आधीच मागच्या ट्रॉलीत चढून बसल्या होत्या. सकाळचीच साडी, पायात घरातल्या चपला, हातात डॉक्टरीणबाईंकडून मागून घेतलेली ती काचेची बाटली.

“तुम्ही कुठं?” फिटर म्हणाला.

“तुम्ही एकटे गेलात तर लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. गाय माझी मेलीय. चला.”

पहिल्या गोठ्यात त्रास झाला नाही. दोघं भाऊ होते, ऐकलं, घाबरले, लगेच कामाला लागले. दुसरा गोठा वकिलाचा. वकील म्हणजे खरा वकील नव्हे, कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा म्हणून नाव पडलेलं. बावीस गायी, आणि पट्टे गेल्याच वर्षी अंथरलेले. फिटरनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वकिलानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “फिरवा तुमचं चुंबक.”

फिटरनं फिरवलं. गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही तार लागली नाही. पट्टे अजून नवे होते, कडा घट्ट.

“झालं?” वकील म्हणाला. “काका, गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात पट्टा टाका, पाय घसरणार नाहीत. टाकला. आता म्हणता काढा. उद्या म्हणाल गायीच काढा. तुमच्या जावयाकडं अडीच वर्षांनी उसवलाय ना? मग माझा अजून दीड वर्ष टिकेल. तेव्हा बघू की.”

“तेव्हा काय बघणार? तुम्हाला दिसेपर्यंत तार पोटात गेलेली असते!”

“गेली तर गेली. माझा गोठा, माझ्या गायी. तुम्हाला एवढं कशाला लागतंय?”

“मला लागतंय कारण ते माझं काम आहे!” फिटर पुढं सरला. “माझ्या हातचं आहे म्हणून डोळे झाकून घेतलंत ना तुम्ही? मग आता उघडा डोळे! मीच सांगतोय, वाईट आहे, काढा! स्वतःचं काम वाईट आहे म्हणून पाया पडत फिरणारा माणूस बघितलाय का कधी?”

वकील हसला. ते हसणं बघून फिटरनं पहार उचलली आणि परवानगी न विचारता पट्ट्याखाली घातली. वकिलानं त्याचा दंड धरला. दोन म्हातारी माणसं गोठ्याच्या मध्ये एकमेकांना ढकलत उभी, आणि बावीस गायी बघतायत.

इतका वेळ विहीणबाई दारात होत्या. त्या पुढं आल्या, वकिलाचा हात फिटरच्या दंडावरून काढला आणि त्याच हाताच्या तळव्यावर बाटलीतली तार ओतली. त्याची मूठ त्यांनी मिटली नाही, उघडीच धरून ठेवली.

“ही माझ्या टिकलीच्या काळजातली,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “पाच दिवस ती बसली नाही. बसायला गेली की टोचायचं, म्हणून परत उभी राहायची. तिचे पाय थरथरायचे. मी तिच्यापाशी बसायचे आणि म्हणायचे, बस गं बाई, बस एकदा. ती माझ्याकडं बघायची आणि बसायची नाही. मला वाटलं हट्ट करतेय. मी रागावले तिच्यावर. शेवटच्या दिवशी रागावले.”

वकील तळहाताकडे बघत राहिला. तार फेकावी की धरावी ते त्याला समजेना. मग त्यानं ती परत बाटलीत टाकली, शर्टाला हात पुसला आणि मुलाला हाक मारली, “अरे, दुसरी पहार कुठं ठेवलीय?”

पट्टे निघायला संध्याकाळ झाली. ट्रॉलीत ते गुंडाळून ठेवताना लेकीचा फोन आला. भुरी अजून उभीच होती. पण बादलीभर पाणी प्यायली होती, आणि डॉक्टरीणबाई रात्री परत येणार होत्या. फिटरनं हे विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

तो ट्रॅक्टरशी उभा राहिला, हात काळे, करंगळी सुजलेली. बराच वेळ मनात होतं ते त्यानं विचारून टाकलं, “विहीणबाई, माझ्यावरचा राग गेला का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “जायचाही नाही.”

“जाऊ देऊ नका.”

“किती घरं राहिली?”

“बारा.”

“मग उभे काय राहिलात? उजेड आहे तोवर पुढचं घर गाठा.”